नापास वेल

अलीगंजात आमचं घर शोधायचं असेल तर नंबर विचारू नका. कोपऱ्यावरच्या समोसेवाल्याला विचारा, "वो शादी वाला घर कहाँ है?" तो तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. कारण आमच्या गच्चीवर गेली कित्येक वर्षं संध्याकाळ झाली की दिवे लागतात. असेतसे दिवे नाहीत. त्या उजेडात गोमतीपलीकडचे लोक तांदूळ निवडतात. एकदा तर एक विमान उतरायचं म्हणून आमच्या गच्चीकडे वळलं होतं, पण वैमानिक मराठी असावा. टाकीवर वाळत घातलेलं नऊवारी पाहून त्याला घर कुणाचं ते कळलं आणि तो परत फिरला.

"इतकं नव्हतं," हे म्हणतात.

हे म्हणजे माझे यजमान. मूठभर घडलं की मी पोतंभर सांगते, आणि हे मागून येऊन पोत्याची परत मूठ करून ठेवतात. आमचा संसार असाच चालला आहे. सांगणारी मी आणि छाटणारे ते.

छाटणं हा त्यांचा धंदाच होता म्हणा. सरकारी शास्त्रज्ञ. आयुष्यभर झाडांची लग्नं लावली. ह्याचे पराग त्या फुलावर नेऊन ठेवायचे, वर कागदी पिशवी बांधायची आणि पोरं कशी निघतात ते वर्षानुवर्षं बघत बसायचं. शेवटची नोकरी आंब्यांत गेली, म्हणून आम्ही लखनऊचे झालो. पण पहिलं प्रेम आंबा नव्हे. पहिलं प्रेम हॉपची वेल.

बिअर कडू होते ती ह्या वेलीच्या फुलांमुळे. फुलं म्हणजे हिरवी, कागदी पाकळ्यांची, बोटाच्या पेराएवढी बोंडं. ती मादीवेलीलाच लागतात. नराचं काम संकरापुरतं, एरवी बागेत नर दिसला की मुळासकट उपटून टाकतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला हे समजावून सांगितलं आणि तेव्हापासून ह्या शास्त्राबद्दल मला फार आदर आहे.

आमची पहिली नेमणूक लाहौलात होती, हिमालयाच्या पाठीमागे. तिथल्या थंडीबद्दल मी फार बोलत नाही, कारण लोकांचा विश्वास बसत नाही. एवढंच सांगते, की पहिल्या दिवाळीला मी दही लावलं होतं, ते आम्ही बदली होऊन निघालो तेव्हा लागत आलं होतं. त्या खोऱ्यात ह्यांनी एक संकर केला. आई परदेशातून आलेली, घरंदाज. बाप तिथल्याच ओढ्याकाठचा, रानटी. त्यांच्या पोरींतली एक निराळी निघाली. तिचं फूल दोन्ही तळव्यांत धरून चुरडलं की कैरीचा वास यायचा. फोडलेल्या, मीठ लावलेल्या कैरीचा. बर्फात बसून कैरीचा वास. मला तेव्हा दिवस गेले होते. मी त्या शेतातून हलायला तयार नव्हते.

तर वरून साहेब आले. त्या काळी बिअरवाल्यांना हॉपमधून फक्त कडूपणा हवा असायचा, भरपूर आणि टिकाऊ. वास म्हणजे नसती भानगड. साहेबांनी फूल चुरडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ये बिअर बनेगी कि अचार?" कडूपणा मोजला, तोही कमी भरला. वेल नापास. पुढच्या वर्षी तो प्रकल्पच बंद झाला आणि शेत नांगरून तिथे मटार लावला गेला. ह्यांनी नांगराच्या आदल्या दिवशी त्या वेलीच्या मुळांचा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला. शालूवरचा तो मातीचा डाग अजून आहे. बायका विचारतात तेव्हा मी सांगते, हिमस्खलनातून वाचलेला शालू आहे.

"इतकं नव्हतं." हो, माहीत आहे.

तेव्हापासून प्रत्येक बदलीला ती वेल आमच्याबरोबर आली. आणि लखनऊत आल्यावर खरी कसरत सुरू झाली. डोंगरात उन्हाळ्याचा दिवस लांबच लांब असतो. इथला दिवस आखूड, त्यामुळे वेलीला वाटतं मोसम संपला, आणि ती गुडघ्याएवढी असतानाच फुलायला बघते. म्हणून संध्याकाळचे दिवे. दिवस अजून मावळला नाही असं तिला वाटावं म्हणून. शिवाय हिवाळ्यात तिला खरीखुरी थंडी लागते, गाढ झोपायला. इथली माती तेवढी गार होत नाही. म्हणून डिसेंबरात सगळी मुळं उकरून, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमधल्या भाजीच्या खणात ठेवायची आणि थंडी सरली की परत ड्रममध्ये लावायची. ज्या माणसाची उभ्या जन्मात बायकोला थाप मारायची छाती झाली नाही, तो एका वेलीला बारा महिने फसवत होता. उन्हाळा खोटा, हिवाळा खोटा.

शेजारचे भाईसाहब, जुने लखनवी, बोलणं अत्तरात बुडवून काढलेलं. पहिल्या वर्षी दिवे पाहून मिठाई घेऊनच आले. "मुबारक हो भाभीजी, किसकी शादी है?"

म्हटलं, "शादी नहीं भाईसाहब, ये तो बेल के लिए है."

त्यांनी मान वर करून दिवे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "अच्छा. आप लोगों में तुलसी की तो सुनी थी." मिठाई ठेवून गेले. दर वर्षी आणतात.

इतकं करून वेल द्यायची काय, तर ओंजळभर फुलं. हे ती तळव्यांत चुरडायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि हात न धुता जेवायला बसायचे. बस्स. कारण आता सांगते ती गोष्ट मात्र मी वाढवलेली नाही: हॉपवर अर्धं तारुण्य घालवलेल्या ह्या माणसाने आयुष्यात बिअरचा थेंब चाखलेला नव्हता.

त्याला कारण वन्सं. ह्यांची थोरली बहीण, कराडला असते. आई लवकर गेली तेव्हा हे रांगत होते. वन्संनीच ह्यांना कडेवर वाढवलं. वडील होते, पण पीत. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही, मीही इथे त्यापुढे बोलणार नाही. ह्यांना नोकरीचा कागद आला आणि ती दारूत घालायच्या वेलीची नोकरी आहे असं कळलं, तेव्हा वन्संनी ह्यांना तुळशीपुढे उभं केलं. "लाव वेली लावायच्या तितक्या. तोंडाला लावायची नाही." ह्यांनी शब्द दिला आणि पाळला.

आता देवाची करणी बघा. अशा माणसाच्या पोटी आमची लेक आली, आणि ती बिअर बनवते. अन्नतंत्राचं शिकायला गेली आणि हे शिकून आली. चिनहटला फैजाबाद रोडच्या बाजूला एक छोटी ब्रुअरी आहे. पुढे लोक बसून खातात-पितात, मागे स्टीलच्या टाक्या. त्या टाक्यांची राणी ती. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. वन्संना हे सांगायचं कसं? म्हणून मी सांगितलं की काढे बनवते. सातूचे. पोटाला थंड असतात. हे माझ्याकडे बघत राहिले, पण "इतकं नव्हतं" म्हणाले नाहीत, कारण त्यात छाटायला खरं काही उरलंच नव्हतं. कराडात वन्संनी भाचीचं इतकं कौतुक केलं की अर्धी गल्ली बाटल्यांची वाट बघत होती. दर वेळी मी नवीन कारण द्यायचे. काढा रेल्वेत फसफसतो, हे त्यातलं सगळ्यात खरं.

लेकीचं मात्र एकच वेड. बाबांच्या वेलीची बिअर करायची. फिक्या रंगाची, कमी कडू, वासाची. तिला पेल एल म्हणतात.

"बाबा, आजकल लोग यही तो ढूँढते हैं. खुशबू. बाहर के मुल्कों में पुरानी रिजेक्टेड बेलें वापस उगा रहे हैं लोग."

"नापास झालेली आहे ती," हे म्हणायचे.

"नापास किसने किया? एक आदमी ने, एक बार सूँघके?"

"तो आदमी साहेब होता."

"और आप? आपको क्या लगता है?"

ह्यावर हे गच्चीवर जायचे. मला कळायचं. वेल नापास आहे असं म्हणत तिला जपत राहणं सोपं होतं. प्यायला दिली आणि लोकांनी तोंड वाकडं केलं, तर मग इतकी वर्षं दिवे कुणासाठी लावले? आणि चांगली झाली तर स्वतः चाखता येणार नाही. दोन्हीकडून कोंडी.

तरी लेक हट्टाची. गेल्या उन्हाळ्यात तिने गच्चीवर हिरवी जाळी बांधली, चांगले दिवे आणले, वेलीसमोर कूलर लावला. आम्ही दोघं खाली घामाने निथळत होतो आणि वर वेल वाळ्याच्या वाऱ्यात बसली होती. ती अशी वाढली की काय सांगू. पाण्याच्या टाकीला वळसा घालून भाईसाहबांच्या टीव्हीच्या छत्रीवर चढली. त्यांना क्रिकेटच्या जागी आठवडाभर लाहौलचं हवामान दिसत होतं. आणि पहिल्यांदाच फुलं आली ती खरी आली. पिशव्या भरून. लेकीने ती वाळवली, हवा काढून पाकिटं बंद केली आणि आमच्या फ्रीजरमध्ये ठेवली. "एक छोटा बॅच हो जाएगा," ती म्हणाली. हे म्हणाले, "राहू देत तिथे. पुढच्या वर्षी बघू." डिसेंबरात मुळं उकरली, फडक्यात गुंडाळली, खालच्या खणात ठेवली. वर फुलं, खाली मुळं. अख्खी वेल फ्रीजमध्ये. मला मटार ठेवायला जागा नाही, आणि लखनऊच्या हिवाळ्यात घरात मटार नसणं म्हणजे काय हे लखनऊवालाच जाणे.

अशात वन्सं आल्या. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता, आणि कराडची ऊब सोडून त्या लखनऊच्या धुक्यात आल्या. आल्याबरोबर स्वयंपाकघर ताब्यात. मी तक्रार करत नाही. वन्संच्या हाताला चव आहे आणि तोंडालाही. भावाला समोर बसवून वाढायचं आणि त्याच्या लहानपणच्या गोष्टी मला सांगायच्या, हा त्यांचा आवडता उद्योग.

"अगं, हा कधी मागून घ्यायचा नाही," त्या सांगत होत्या. "पानात पडेल तेवढं खाऊन उठायचा. पण काही लपवायचं असलं की दोनदा वाढून घ्यायचा. लोणच्याची बरणी फोडली त्या दिवशी दुधी दोनदा. शाळेत मार खाल्ला त्या दिवशी कारलं दोनदा. मी समजायची."

"आक्का, पुरे," हे म्हणाले.

"बघ. आत्ता काही लपवत नाहीये. पुरे म्हणाला."

भोगीचा दिवस आला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे भोगीची भाजी असते: घरात, बाजारात हिवाळ्याचं जे जे असेल ते सगळं एका पातेल्यात, तीळकूट घालून, आणि बाजरीची भाकरी. कुठलीही भाजी मागे राहता कामा नये, हा नियम. सकाळी मी छावणीत एका फौजी मैत्रिणीकडे तिळाचे लाडू वळायला गेले होते. हे फिरायला गेले होते. वन्संनी ठेलेवाल्या भैयाकडून लाल गाजरं, वांगी, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, बोरं घेतली. मग नियमाप्रमाणे फ्रीजचा खण रिकामा केला.

मी परत आले तेव्हा मागच्या दोरीवर एक फडकं वाळत होतं. स्वच्छ धुतलेलं, चार कोपरे ताणून. ते मी बघितलं, पण डोक्यात काही उजेड पडला नाही. डोकं तिळगुळात होतं.

पानं मांडली. ह्यांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पानातल्या एका तुकड्याकडे बघत होते. पांढुरका, दोरीसारख्या दशा असलेला तुकडा. मी घास घेतला. आता मी कडू पुष्कळ खाल्लं आहे. कारलं खाल्लं आहे, कडुनिंब खाल्ला आहे, सासरचे टोमणे खाल्ले आहेत. पण ते मूळ दाताखाली आलं तेव्हा माझ्या कानशिलातून कळ निघाली, ती थेट चारबाग स्टेशनपर्यंत गेली. तेव्हा मला दोरीवरचं फडकं आठवलं.

"वन्सं," मी म्हटलं, "ह्यात ते..."

ह्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. अगदी थोडी. फूल झाडावरून निसटू नये म्हणून हात जसा हळू नेतात, तशी.

"काय गं?" वन्सं म्हणाल्या. "खणात फडक्यात जपून ठेवलेलं होतं ते? मला वाटलं इथला काही महागाचा कंद असेल. इतकं गुंडाळून ठेवलंय म्हणजे भोगीसाठीच राखलं असेल. जरा चिवट आहे. कडसर आहे का रे?"

"नाही," हे म्हणाले. "छान झालीय."

आणि मग त्यांनी वाटी पुढे केली. "अजून थोडी वाढ, आक्का."

वन्संनी वाढली. हे खाली मान घालून एकेक तुकडा चावत होते. डोंगर, ओढा, नांगर, माझा शालू, सगळे दिवे, सगळं त्या वाटीत होतं आणि ते भाकरीबरोबर गिळत होते. मी आजवर कुठल्याच जेवणात गप्प बसलेले नाही. त्या जेवणात बसले.

संध्याकाळी लेक आली. मी तिला स्वयंपाकघरात ओढून, कुकरच्या शिट्टीच्या आडून सगळं सांगितलं. तिने खण उघडून बघितला, जणू मी नेहमीसारखी फुगवून सांगतेय. खण रिकामा. "सारी?" तिने विचारलं. "एक टुकड़ा भी नहीं?"

"सगळी. तुझी आत्या काटकसरी आहे, टोकंसुद्धा सोडली नाहीत."

ती ओट्याला टेकून रडायला लागली. तेवढ्यात हे पाणी प्यायला आत आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, फ्रीजरचं दार उघडलं आणि फुलांची पाकिटं एकेक काढून तिच्या हातात दिली.

"घेऊन जा," म्हणाले. "आता ठेवून काय करायचं."

"बाबा, ये आखिरी हैं. बिगड़ गई तो?"

"फ्रीजरमध्येही बिघडतीलच. हळूहळू." मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आणि आक्काला ह्यातलं काही कळता कामा नये. कुणीही सांगायचं नाही." कुणीही म्हणजे कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात कठीण. बाळंतपण सोपं. माझ्या पोटात साधी फोडणीची गोष्ट राहत नाही, तिथे हे राहायचं होतं. मी वन्संसमोर तोंड उघडायचे आणि आत लाडू कोंबायचे. तिळाचा अख्खा डबा मी एकटीने संपवला. एकदा झोपेत बरळेन म्हणून ह्यांच्या मफलरने तोंड बांधून झोपले, तर सकाळी भाईसाहब विचारत होते, रात्रभर कुणाला तरी गुदमरल्यासारखं का होत होतं.

"इतकं नव्हतं." होतं. ह्या वेळी होतं.

थंडी सरू लागली तसे हे दर वर्षीसारखे रोज संध्याकाळी सवयीने गच्चीवर जात आणि दिवे लावत. खाली रिकामा ड्रम. मी एकदा म्हटलं, "अहो, आता कशाला?" तर म्हणाले, "भाईसाहबांना सवय झालीय."

चिनहटला बिअर तयार होत होती. लेक रोज फोनवर सांगायची, आज उकळली, आज गार केली, आज टाकीत फुलं सोडली. वन्सं शेजारी बसून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "काढ्याला फार मेहनत आहे हो." तयार झाली तेव्हा लेक म्हणाली, बाबांनी यायचं. हे म्हणाले, मी येऊन काय करू, मला प्यायची नाही. तेव्हा वन्संनीच विषय संपवला. "मला कराडला जायच्या आधी भाचीचा कारखाना बघायचा आहे. सगळे चला." आता बहिणीला नाही म्हणणं ह्यांना कधी जमलं होतं?

दुपारची वेळ होती, ब्रुअरी अजून उघडायची होती. आम्ही मागच्या बाजूने शिरलो. चकचकीत टाक्या, ओल्या फरशा, भिजवलेल्या सातूचा गोडसर वास. वन्सं काठी टेकत टेकत प्रत्येक टाकीसमोर थांबल्या. मी आपली अखंड बोलत होते. ही काढ्याची टाकी, हा काढ्याचा नळ, हे काढ्याचं काट्याचं घड्याळ.

पुढच्या खोलीत आलो आणि माझं बोलणं बंद पडलं. एका भिंतीवर गिटार टांगलेली, दुसऱ्या भिंतीवर मोठी काळी पाटी होती. लेकीने खडूने तिच्यावर वेल काढली होती, भिंतभर. वर पानं, बोंडांसारखी फुलं, आणि खाली मुळं. प्रत्येक मूळ नीट, गाठींसकट, दशांसकट. वर हिंदीत लिहिलं होतं: नापास पेल एल.

वन्सं पाटीसमोर उभ्या राहिल्या. वरपासून खालपर्यंत बघितलं. मग काठीचं टोक त्या खडूच्या मुळांवर टेकवलं.

"हे मी भोगीला चिरलं."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी ह्यांच्याकडे. हे पाटीकडे.

"तुझी ती लाहौलची वेल ना ही?" वन्सं म्हणाल्या. "गच्चीवर दिवे लावतोस ती?"

"आक्का, एक मूळ होतं. जुनं झालं होतं."

"अजून आहे का कुठे?"

ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, वेलीशी सोडून.

"म्हणून दोनदा वाढून घेतलंस." वन्संनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मला त्याच दिवशी कळलं होतं, काहीतरी फोडलंय म्हणून. मी समजत होते तूच काहीतरी फोडलंस. फोडणारी मी निघाले होय."

"भाजी छान झाली होती, आक्का."

"गप रे. कुत्र्यानं खाल्ली नसती. मी माझ्या पानातली तुळशीच्या मागे पुरली." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू. काढा म्हणे. सातूचा. अगं, काढ्याच्या कारखान्यात भिंतीवर गिटार लावतात का? मला तीन वर्षांपूर्वीच कळलंय. शेजारच्या पोरानं मोबाईलवर हिचा फोटो दाखवला होता, हातात फेसाचा ग्लास. पण तू इतकं मन लावून खोटं बोलायचीस, मला मोडवेना."

मी आजवर पुष्कळांना थापा मारल्या. एखाद्याने माझी थाप लाडाने सांभाळून ठेवली, हे पहिल्यांदाच घडत होतं.

वन्संनी भाचीला हात केला. "आण तो काढा."

लेकीने नळ सोडला. ग्लास भरला, पिवळसर, वर पांढरा फेस. थोडा फेस फरशीवर सांडला. ग्लास तिने टेबलावर, दोघांच्या मध्ये ठेवला. तिथवर वास आला. मी शपथ घेऊन सांगते, तिथे चिनहटच्या धुळीत, फैजाबाद रोडच्या ट्रकांच्या आवाजात, कुणीतरी कैरी फोडली.

"घे," वन्सं ह्यांना म्हणाल्या.

"मी तुला शब्द दिलाय."

"मी शब्द घेतला तो आपल्या बाबांच्या भीतीने. तू बाबा नाहीस, ते मला कधीच कळलंय. सांगायचं राहून गेलं, एवढंच." त्यांनी ग्लास ह्यांच्याकडे सरकवला. "मुळं मी सगळ्यांना खाऊ घातली. फुलं तरी तू पी. पुढं कुणी पाजणार नाही तुला ही."

हे खुर्ची ओढून टेबलाशी बसले. मग त्यांनी एक वेडेपणा केला. ग्लास तिरका करून चार थेंब तळव्यावर घेतले, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले आणि नाकाशी नेले, डोळे मिटून. शेतात फूल चुरडायचे तसेच. लेकीने तोंडावर हात दाबून धरला होता. मग त्यांनी ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला.

मी वाट बघत होते. माझ्याकडे वाक्यं तयार होती, डझनभर, एकाहून एक मोठी. कुठलंही ते म्हणाले असते तर मला चाललं असतं.

"हिला नापास करायला नको होतं," हे म्हणाले.

लेक एकदम खाली बसली, तिथेच फरशीवर. वन्संनी ग्लास ओढून घेतला, पदराने कड पुसली आणि चिमणीएवढा घोट घेतला. तोंड असं वाकडं केलं की ते आजही पूर्ण सरळ झालेलं नाही.

"कडू आहे."

"तेवढं असतंच, आक्का."

"भाजीपेक्षा बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि ग्लास परत ह्यांच्याकडे सरकवला.

ह्यांनी तो संपवला. सावकाश, एकेक घोट, मध्ये थांबत. मग रिकामा ग्लास लेकीपुढे धरला, भोगीला वाटी धरली होती तसाच.

"अजून थोडं वाढ."

मी दचकून वन्संकडे बघितलं. वन्सं भावाकडे बघत होत्या, बराच वेळ, लोणच्याच्या बरणीपासूनचं सगळं आठवत असाव्यात तशा. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ह्या वेळी काही लपवत नाहीये गं. खरंच मागतोय."